प्रातिभज्ञान

डोळ्यांनी बघितलं नाही, कुणी सांगितलं नाही, धूर बघून आग ओळखतो तसं लॉजिकही लावलं नाही, तरी एखादी गोष्ट आतून कळते, त्या कळण्याला भारतीय दर्शनांत प्रातिभज्ञान म्हणतात. वैशेषिक दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने उदाहरण अगदी घरातलं दिलंय, एक मुलगी म्हणते 'उद्या माझा भाऊ येणार, माझं हृदय सांगतंय'. त्याच्या मते हे मुळात ऋषींचं ज्ञान, साध्या माणसाला क्वचित कधीतरी होणारं. न्यायदर्शनाचा पंडित जयंत भट्ट (साधारण ९वं शतक) 'न्यायमंजरी'त तीच मुलगी परत आणतो आणि म्हणतो, भाऊ खरंच आला, ज्ञान खोटं ठरलं नाही, मग याला प्रमाण, म्हणजे खऱ्या ज्ञानाचं साधन, मानायला काय हरकत आहे?

व्याकरणकार भर्तृहरी मात्र वेगळ्याच बाजूने जातो. वाक्यातले शब्द सुटे सुटे कळून मग अर्थ एकदम लखकन उमटतो तीही त्याच्या लेखी प्रतिभाच, आणि वसंतात कोकिळाचा आवाज कोण बदलतं, घरटं बांधायला पाखरांना कुणी शिकवलं, असं आपल्या 'वाक्यपदीया'च्या दुसऱ्या कांडात तो विचारतो. म्हणजे आपण ज्याला इन्स्टिंक्ट म्हणतो तेही यातच. त्याच्या काळाबद्दल बराच घोळ आहे. चिनी प्रवासी इत्सिंगच्या भरवशावर मृत्यू इ.स. ६५१च्या आसपास धरायचे, पण त्याच्या बऱ्याच आधीच्या दिङ्नाग या बौद्ध तर्कपंडिताच्या लिखाणात भर्तृहरीच्या कारिका (श्लोक) सापडल्यावर ते डेटिंग टिकत नाही, त्यामुळे ५वं शतक धरणंच जास्त सेफ, जुन्या पुस्तकांत अजून ७वं दिसतं ते सोडून द्यावं.

पतंजलीच्या योगसूत्रात 'प्रातिभाद्वा सर्वम्' म्हणजे 'किंवा प्रातिभाने सगळं कळतं' (३.३३, काही प्रतींत नंबर एकाने मागेपुढे) असं आहे, त्यावरचं व्यासभाष्य त्याला सूर्य उगवायच्या आधीच्या उजेडाची उपमा देतं.

मरण आधी कळण्याचा विषय बरेच जण यातच घुसडतात, पण त्याचं सूत्र वेगळं आहे (३.२२) आणि तिथे शब्द 'अरिष्ट' आहे, म्हणजे मरण जवळ आल्याचं लक्षण. कान घट्ट बंद केले तरी आतला घोष ऐकू येत नाही, मेलेले पूर्वज अचानक समोर दिसतात, अशी लक्षणं भाष्यात दिलीत, चरकसंहितेत तर इंद्रियस्थानाचे १२ अध्याय याच विषयावर. लक्षण बघून काढलेला अंदाज म्हणजे अनुमान झालं, प्रातिभाला लक्षणच लागत नाही. त्या हिशोबाने आपलं 'मनात पाल चुकचुकली'सुद्धा मूळचं अरिष्टाच्याच खात्यातलं, कारण तिथे निदान पाल तरी आहे.