धबधब्याखालचा खड्डा म्हणजे रांजणखळगा नव्हे

धबधब्याचा फोटो, आणि त्याखाली ओळ: ‘पायथ्याशी तयार झालेला प्रचंड रांजणखळगा’. अहो, तो डोह आहे! दर पावसाळ्यात हेच वाचून आता कंटाळा आलाय.

रांजणखळगा शाळेत सगळ्यांनीच गिरवलाय. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगरत राहतात आणि पात्रातला खडक पोखरतात, झालं. आकार, खोली, आत साठलेलं पाणी यांवरून ओळखायला जाऊच नका. दोन्ही लहान-मोठे असतात, दोन्हींत पाणी साठतं.

घोळ होतो तो ‘दोन्ही पाण्यानंच खोदले ना?’ इथे. रांजणखळगा खोदतात ते गोटे, आणि ते त्यातच कैद असतात. त्याला धबधबा लागतच नाही, पात्रात कातळ आणि पाण्याला वेग असला की पुरे. निघोजला कुकडीच्या पात्रात उंच धबधबा नाही, तरी खडकाची चाळण झालीये. (लोक त्यांना ‘कुंड’ म्हणतात, म्हणजे गोंधळात आणखी भर.)

डोहात घाव वरून बसतो. पाणी आणि त्याबरोबर येणारे दगड पायथ्यावर आदळतात, उसळणारं पाणी कड्याचा पाया खात राहतं. वरचा थर टणक आणि खालचा ठिसूळ असला, की टणक थर छज्जासारखा अधांतरी उरतो आणि कधीतरी कोसळतो. धबधबा तेवढा मागे सरकतो, मागोमाग डोहही. नायगाराला वर टणक डोलोमाइट, खाली ठिसूळ शेल. सुमारे १२,००० वर्षांत तो असा ११ किलोमीटर मागे गेलाय.

बरं, धबधबा आहे म्हणजे खाली खोल डोह असणारच, असंही नाही. नायगाराच्याच हॉर्सशू फॉल्सखाली खोल डोह आहे, तर शेजारच्या अमेरिकन फॉल्सखाली कोसळलेल्या शिळांचा ढीग. तिकडे पाणीच कमी, शिळा हलवणार कोण? मग पाण्याचा मारा तो ढीगच झेलतो. १९६९ मध्ये बांध घालून ही धार काही महिने बंद केली आणि ढीग हटवावा का, हे ठरवायला खडकाची पाहणी केली. ढीग शेवटी तसाच ठेवला.

कोरडा खड्डा दिसला तर आतल्या भिंतीवर हात फिरवा. गुळगुळीत, मळसूत्रासारखे वळसे आणि तळाशी गोल गोटे असतील, तर रांजणखळगा. कड्याच्या पायथ्याशी, कोनदार शिळांच्या पसाऱ्यात असेल, तर बहुधा आटलेल्या धबधब्याचा डोह. वॉशिंग्टन राज्यातला ड्राय फॉल्स पाहा: हिमयुगातल्या महापुरांनी कोरलेला सुमारे १२० मीटरचा कडा, वरून थेंबही पडत नाही, पण जुने डोह पायथ्याशी तळी होऊन बसलेत.

खरे रांजणखळगे अनेकदा धबधब्याच्या वर असतात, पाणी उडी घेतं त्याआधीच्या कातळात. लोक त्यांच्या काठावर चपला काढून ठेवतात आणि खालच्या डोहाचा फोटो काढतात.