अँटिबायोटिक पकडायचं ते कारखान्याच्या पाइपाशीच

हैदराबादजवळच्या पटानचेरूमध्ये औषधांचा मूळ माल, म्हणजे ‘बल्क ड्रग’, बनवणारे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. त्यांतल्या सुमारे नव्वद कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात येत असे. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातले योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रक्रिया होऊन ‘स्वच्छ’ झालेल्या त्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक होतं. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातसुद्धा त्याचं प्रमाण इतकं चढत नाही. दिवसाकाठी सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन असं वाहून जात होतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण एक ग्रॅम दिलं जातं हे धरलं, तर ४५ हजार रुग्णांचा डोस रोज ओढ्यात.

तो ओढा नक्कावागूला मिळतो आणि नक्कावागू मांजरेला. बीडच्या बालाघाट डोंगरात उगम पावणारी, लातूरकरांची तीच मांजरा. पटानचेरूकडचं पाणी पोटात घेऊन ती पुढे नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरून जाते आणि गोदावरीत उतरते.

पाण्यात औषध असल्याने ते पिणाऱ्याचं काय होईल, ही भीती स्वाभाविक आहे. पण खरा धोका पाण्यातल्या आणि गाळातल्या जिवाणूंमध्ये तयार होतो. अँटिबायोटिकच्या सहवासात कमकुवत जिवाणू मागे पडतात आणि औषधाला दाद न देणारे फोफावतात. प्रतिकाराची जनुकं ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत प्रतिकारक जिवाणूंची ही निवड सुरू होऊ नये यासाठी लार्सन आणि योहान बेंग्टसन-पाल्मे यांनी २०१६ मध्ये सुचवलेली मर्यादा आहे लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). पटानचेरूचा आकडा याच्या लाखो पट होता. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. त्यामुळे हा प्रश्न मला पाण्याइतकाच दवाखान्याचाही वाटतो.

नेहमीचं सांडपाणी केंद्र इथे हतबल ठरतं, कारण त्याचा सगळा भार जिवाणूंवरच असतो. मळ खाऊन पाणी साफ करणारे जिवाणू तिथे पाळलेले असतात. त्यांच्याच टाकीत अँटिबायोटिक ओतलं जातं. त्यातून सिप्रोफ्लॉक्सासिन हे माणसाने घडवलेलं रसायन, ते जिवाणूंना सहजी पचत नाही. काही भाग गाळाला चिकटतो, उरलेला पाण्याबरोबर निघून जातो.

म्हणून मग रेणू पचवण्याऐवजी पकडायचा, ही वाट. घरच्या फिल्टरमध्ये नारळाच्या करवंटीचा सक्रिय कार्बन असतो, तो हेच करतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींवर रेणू चिकटून बसतात. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. अडचण अशी की सक्रिय कार्बनची बरीचशी छिद्रं दोन नॅनोमीटरहून अरुंद असतात आणि टेट्रासायक्लिन या दुसऱ्या अँटिबायोटिकसारखा थोराड रेणू त्यांत नीट शिरत नाही. जागा भरपूर, पण दार अरुंद.

ग्राफीनमध्ये दाराची अडचणच नाही. कार्बन अणूंची षटकोनी जाळी, एकाच अणूच्या जाडीची, दोन्ही बाजूंनी उघडी. एका ग्रॅमचा पृष्ठभाग हिशोबाने सुमारे २,६३० चौरस मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ २६ गुंठे. हीच जाळी कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळली की कार्बन नॅनोट्यूब. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये नॅनोट्यूबकडे जगाचं लक्ष वेधलं, तर ग्राफीनचा सुटा थर २००४ मध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी वेगळा केला. अनेक अँटिबायोटिक्सच्या रेणूंत कार्बनची सपाट कडी असतात. ती या जाळीवर पालथी पडतात आणि दोन्हींकडचे मोकळे इलेक्ट्रॉन एकमेकांना धरून ठेवतात. टेट्रासायक्लिनवरच्या २००९ च्या एका अभ्यासात, सारख्या क्षेत्रफळाचा हिशोब केला तेव्हा नॅनोट्यूब सक्रिय कार्बनपेक्षा बऱ्याच सरस ठरल्या.

पाण्याची आम्लताही इथे निर्णायक. साधारण उदासीन पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण भार असतो, त्यामुळे ते पृष्ठभागाला धरून राहतं. पाणी फार अल्कधर्मी झालं की रेणू आणि कार्बन दोघांवरही ऋण भार येतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. हीच गोष्ट उलटी वापरून, भरलेला कार्बन अल्कलीने धुऊन पुन्हा कामाला लावता येतो. मात्र त्या धुणात सगळं औषध दाटून उतरतं आणि ते उच्च तापमानाला जाळावंच लागतं.

ग्राफीन ऑक्साइडचा, म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनचा, एक ग्रॅम ३१३ मिलिग्रॅमपर्यंत टेट्रासायक्लिन धरू शकतो, असं २०१२ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. औषध वेगळं आहे, तरी अंदाजापुरता हा आकडा पटानचेरूला लावून पाहा. रोजच्या ४५ किलोंसाठी रोज किमान १४४ किलो ग्राफीन ऑक्साइड. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त, कारण प्रयोगशाळेत शुद्ध पाणी असतं आणि सांडपाण्यात इतर शेकडो रसायनं त्याच जागेसाठी झगडतात. नदीत तर कुजलेल्या पालापाचोळ्यातली ह्युमिक द्रव्यंच औषधाच्या कितीतरी पट असतात, आधी तीच पृष्ठभाग अडवून बसतात.

आणि हा कार्बन स्वतःच पाण्यात निसटला तर? काही लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह करतात, हे २००८ मध्ये दिसलं. त्यांतल्या एका प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकलं आहे. म्हणून सुटी पूड पाण्यात ढवळण्याच्या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे. लोहाच्या ऑक्साइडचे कण जोडून चुंबकाने ती परत ओढता येते. मला त्याहून पटते ती आयआयटी मद्रासमधल्या टी. प्रदीप यांच्या गटाची २०१२ ची युक्ती: वाळूवर साखरेचा लेप द्यायचा, हवेशिवाय तापवायचं, की वाळूच्या कणावरच ग्राफीनसारखा थर पक्का बसतो. त्यांनी तो रंगद्रव्य आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकावर तपासला. वाळूचा गाळणथर आपल्याकडच्या प्रत्येक जलशुद्धीकरण केंद्राला ठाऊक असलेली गोष्ट आहे.

या सगळ्या मर्यादा मांडल्या की एकच जागा योग्य ठरते: कारखान्याच्या आतला पाइप, जिथे औषध दाट आहे, पाणी थोडं आहे आणि त्यात नेमकं काय आहे हे कारखान्याला माहीत आहे. एकदा नव्वद पाइप एकत्र झाले की तोच कार्बन कितीतरी पट लागेल, आणि नदीत पोचल्यावर तर हिशोबच संपला.

पण असा महागडा माल कुठलाही कारखाना आपखुशीने विकत घेणार नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये बल्क ड्रग कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिक अंशांना मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गाळल्या गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर मार्गदर्शक सूचना दिल्या, त्या बंधनकारक नाहीत. गाळलेल्या त्या मर्यादा पुन्हा अधिसूचनेत यायला हव्यात, आणि त्यांचं मोजमाप सामायिक केंद्राच्या तोंडाशी न होता प्रत्येक कारखान्याच्या पाइपाशी व्हायला हवं.