वाहनकाचांची छटाजुळणी

वाहनकाचांची छटाजुळणी : काही मोटारींच्या मागच्या काचा कारखान्यातूनच गडद येतात आणि पुढच्या दारांच्या काचा फिकट असतात. अशा गाडीच्या पुढच्या काचांना आतून फिल्म लावून सर्व काचा बाहेरून एकाच छटेच्या दिसतील असे करण्याची ही पद्धत. जुळणी तीन बाबींची करावी लागते : काचेतून आरपार जाणारा प्रकाश, काचेचा रंग आणि तिच्यावरची चमक. व्यवहारात भर पहिल्या बाबीवर असतो. जुळणी फसते ती बहुधा उरलेल्या दोहोंमुळे. कोकण किनाऱ्यावर दमट खारी हवा, जांभ्याची धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे या कामाला काही वेगळ्या अडचणी येतात.

कारखान्यातील गडद काच : या काचेला रंग कसा येतो याबद्दल दोन मते आढळतात. फिल्म बसवणाऱ्यांमध्ये असा समज आहे की, तयार काच रंगात बुडवून किंवा तिच्या पृष्ठावर रंग चढवून ती गडद करतात. काचनिर्मितीच्या तांत्रिक साहित्यात मात्र रंगद्रव्ये वितळलेल्या काचेच्या रसातच मिसळलेली असतात असे वर्णन आहे आणि तेच ग्राह्य मानणे योग्य. फुटलेल्या गडद काचेचा तुकडा आडवा धरून कड पाहिली की ते पटते. रंग संपूर्ण जाडीत सारखा उतरलेला असतो. तो वरवरचा असता, तर कडेच्या मध्यभागी फिकट पट्टा दिसला असता.

लोहाची ऑक्साइडे, कोबाल्ट आणि सेलेनियम ही यातील मुख्य रंगद्रव्ये होत. लोह काचेत दोन रूपांत असते. फेरस रूप अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात शोषते व निळसर-हिरवी झाक देते. फेरिक रूप जंबुपार किरण शोषते व पिवळसर झाक देते. दोहोंचे प्रमाण भट्टीतील ऑक्सिडीकरणावर ठरते. कोबाल्टने निळेपणा येतो, तर सेलेनियमच्या तांबूस झाकेने हिरवेपणा दबतो आणि एकंदर रंग करडा दिसतो. सेलेनियम भट्टीच्या उष्णतेत उडून जात असल्याने छटा कायम राखणे कठीण जाते. निकेलनेही करडेपणा साधतो. पण निकेल सल्फाइडचा बारीक खडा टफन्ड (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या) काचेत राहून गेला, तर ती काच पुढे कधीतरी आपोआप फुटू शकते. म्हणून अशा काचांत निकेल टाळण्याकडे कल आहे.

रंग काचेच्या अंगातच असल्याने छटा जाडीप्रमाणे बदलते. ४ मिमी जाडीच्या काचेतून २० टक्के दृश्य प्रकाश पार होत असेल, तर त्याच मिश्रणाच्या ३.२ मिमी काचेतून सुमारे २७ टक्के प्रकाश पार होईल. पृष्ठांवरून परावर्तित होणारा प्रकाश जाडी बदलली तरी तेवढाच राहतो. शोषण मात्र जाडीनुसार घातांकी रीतीने वाढते. एकाच गाडीचे मागचे दार, त्यामागची छोटी स्थिर काच आणि डिकीची काच यांच्या छटा मुळातच थोड्या वेगळ्या असतात, त्यामागे हेही एक कारण असते. जुळणी नेमकी कोणत्या काचेशी करायची, हे त्यामुळे आधी ठरवावे लागते. शेजारच्या मागच्या दाराची काच हाच प्रमाण धरण्याचा प्रघात बरोबर आहे.

इतिहास : उष्णता शोषणारी हिरवट काच अमेरिकी मोटारींत साधारणपणे १९५० च्या सुमारास आली. मागच्या काचा करड्या-काळ्या ठेवण्याची रीत बरीच नंतरची असून ती १९८० च्या दशकात व्हॅन-मिनिव्हॅनबरोबर रुळली असे मानले जाते. तिच्या प्रसाराचे श्रेय अभिरुचीला देतात, पण नियमांचा वाटा अधिक असावा. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानक क्रमांक २०५ नुसार वाहन चालवताना पाहण्यासाठी लागणाऱ्या काचांतून किमान ७० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. बहुउपयोगी वाहनांत चालकामागील काचांना ही अट लागू होत नाही. त्यामुळे पुढे फिकट आणि मागे गडद अशी गाडी थेट कारखान्यातूनच बाहेर पडू लागली. पुढची जोडी मागच्या जोडीशी जुळवण्याची गरज तिथून निर्माण झाली.

फिल्म : काचेवर लावायच्या फिल्मचे आरंभीचे पेटंट थ्रीएम कंपनीला १९६६ मध्ये मिळाले असे सामान्यतः सांगितले जाते. फिल्मचा पाया पॉलिएस्टरचा असतो. त्यात किंवा त्यावर रंग, धातूचा विरळ थर, कार्बन किंवा सिरॅमिकचे सूक्ष्म कण असतात. महाराष्ट्रात गरवारे उद्योगसमूहाने पॉलिएस्टरमध्येच रंग मुरवलेल्या सनकंट्रोल फिल्मचे उत्पादन छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे केले, आणि कोकणात अनेकांच्या तोंडी सरसकट फिल्मसाठी याच घराण्याचे नाव असते. साध्या रंगीत फिल्ममध्ये अनेक रंगांचे मिश्रण असते व ते सारख्या वेगाने विटत नाहीत. काही वर्षांनी ती जांभळी पडते ती यामुळे. शेजारची कारखान्याची काच तोवर जशीच्या तशी राहिलेली असते, म्हणून पहिल्या दिवशी नेमकी बसलेली जोडी पुढे विजोड दिसते. कार्बन आणि सिरॅमिक फिल्म या बाबतीत बऱ्याच टिकाऊ आहेत.

पारगमनाचे गणित : दृश्य प्रकाशाच्या पारगमनाला, म्हणजे काचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या टक्केवारीला, व्यवसायात व्हीएलटी म्हणतात. रोलवर छापलेला आकडा सहसा एकट्या फिल्मचा असतो. गाडीची काच स्वतःही थोडा प्रकाश अडवते, म्हणून दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा लागतो. पुढच्या काचेतून ७८ टक्के प्रकाश पार होत असेल आणि तिला २० टक्क्यांची फिल्म लावली, तर एकत्रित पारगमन १५.६ टक्के होते. मागची काच २० टक्क्यांची असेल, तर पुढची तिच्याहून उघडपणे काळी दिसते. येथे सुमारे २५ टक्क्यांची फिल्म लागते (०.७८ × ०.२५ = ०.१९५). ज्यांना बेरीज सोयीची वाटते ते प्रकाशीय घनता (पारगमनाच्या व्यस्ताचा १० पायाचा लॉगरिदम) वापरतात : २० टक्क्यांची घनता ०.७०, ७८ टक्क्यांची ०.११, वजाबाकी ०.५९, म्हणजे सुमारे २६ टक्के. थरांमधील परावर्तनामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित सरकतो. मूळच्या २० टक्क्यांच्या काचेवर पुन्हा २० टक्क्यांची फिल्म चढवली, तर ४ टक्केच प्रकाश उरतो आणि रात्री त्या काचेतून जवळपास काहीच दिसत नाही.

मोजमापातही एक बारकावा आहे. वाहनकाचांच्या मानकांत पारगमन २८५६ केल्व्हिन तापमानाच्या पिवळसर दिव्याच्या प्रकाशात (प्रमाणित प्रकाश ‘ए’) मोजतात; इमारतींच्या काचांसाठी दिवसाच्या प्रकाशाचे प्रमाण (‘डी ६५’) धरतात. हिरवट काचेचा आकडा पहिल्या पद्धतीत किंचित कमी भरतो. दोन पत्रकांतील आकडे ताडून पाहताना ते एकाच पद्धतीचे आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.

रंग आणि चमक : दोन काचांचे पारगमन समान असूनही रंग वेगळे दिसू शकतात. काही जोड्या उन्हात जुळतात आणि पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली विजोड दिसतात, कारण वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे शोषण वर्णपटात वेगवेगळ्या जागी असते. हिरवट-करड्या काचेशेजारी तटस्थ कोळशी छटेची फिल्म तपकिरी भासते. धातूच्या थराची फिल्म आरशासारखी चमकते. कारखान्याची काच आतल्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश दोनदा शोषते, त्यामुळे तिची चमक मुळातच मंद असते. जुळणीच्या कामात धातूची फिल्म टाळावी, असाच अनुभवी कारागिरांचा कौल आहे.

डोळ्यांना काच किती काळी दिसते हे तिच्यामागे किती उजेड आहे यावरही ठरते. पुढच्या भागात समोरच्या मोठ्या काचेतून उजेड येतो, मागचा भाग अंधारा असतो आणि काळ्या सीटमुळे आणखी अंधारतो. पारगमन तंतोतंत सारखे ठेवले तरी पुढच्या काचा बाहेरून फिकट भासतात. म्हणून फिल्मचा तुकडा ओला करून काचेला आतून चिकटवावा, दारे बंद करावीत आणि सावलीत चार-पाच पावले मागे जाऊन पाहावे. मागे पांढरा कागद धरून एकदा रंगही तपासावा. ओली फिल्म दुधाळ दिसते, त्यामुळे अखेरचा निर्णय पाणी पूर्ण सुकल्यावरच द्यावा.

कोकणातील परिस्थिती : फिल्म पाण्यावर तरंगवत बसवतात. फवाऱ्याच्या बाटलीतले पाणी आणि त्यात शांपूचे काही थेंब, मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढायचे. कोकणात या कामाचा पहिला शत्रू जांभ्याची तांबडी धूळ आहे. काच जिथून वर-खाली होते त्या रबराच्या खाचेत ती पावसाच्या पाण्याने घट्ट बसते. काच खाली करून कापडाचे टोक खाचेतून ओढले की वीटकरी रंगाची ओळ निघते. ही खाच न धुता फिल्म बसवली, तर खालच्या कडेला कण अडकून बारीक फोड राहतात आणि पुढे काच प्रत्येक वेळी खाली करताना फिल्मवर उभे ओरखडे उमटतात.

दुसरी अडचण दमटपणाची. एप्रिल-मेच्या उन्हात फिल्मखालचे पाणी काही दिवसांत निघून जाते. जून ते सप्टेंबर याच कामाला कित्येक आठवडे लागू शकतात. गणपतीला गावी निघण्याआधी गाडी सजवून घेण्याची घाई नेमकी याच काळातली. फिल्म बसवल्यावर तीन-चार दिवस काच खाली करू नये ही सूचना पावसाळ्यात आणखी लांबवावी. समुद्रालगतच्या गावांत धातूच्या फिल्मच्या कडा खाऱ्या हवेने काळवंडतात. मालवण, वेंगुर्ले, हर्णे, श्रीवर्धन अशा ठिकाणी नेहमी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना सिरॅमिक फिल्म बरी.

गडद काचेचा खरा प्रश्न दिसण्याचा आहे. करूळ किंवा आंबोली घाटात पावसाळी रात्री धुक्यात वळण घेताना चालक बाजूच्या काचेतूनच आरसा आणि दरीकडची कड पाहतो. तिथे पारगमन निम्म्याने घटवणे म्हणजे आधीच अपुऱ्या उजेडात आणखी कपात करणे होय. छटा जुळावी म्हणून पुढच्या काचा गडद करू नयेत. मागच्या काचा फिकट ठेवून जुळणी साधावी, हे येथे ठामपणे नोंदवणे आवश्यक वाटते. उन्हाची तक्रार असेल, तर फिकट सिरॅमिक फिल्म उष्णता रोखण्यात नुसत्या काळ्या रंगीत फिल्मपेक्षा सरस ठरते.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या मुख्य काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका प्रकरणात २७ एप्रिल २०१२ रोजी काचेवर कोणत्याही टक्क्याची काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. कारखान्यातच रंगीत बनवलेली काच या मर्यादेत असल्यास चालते. पुढे नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’चा (यात आतून प्लॅस्टिकचा थर दिलेली काचही येते) समावेश झाला व तो १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मानकात व मर्यादेत बसणाऱ्या फिल्मना मोकळीक दिली. हा निर्णय महाराष्ट्रात थेट बंधनकारक नाही. दोन भूमिकांपैकी कोणतीही धरली, तरी ७० आणि ५० या मर्यादा कायम राहतात. त्यामुळे परदेशी धर्तीची २० टक्क्यांची जुळणी भारतात नियमात बसत नाही. ७२ टक्क्यांच्या हिरवट काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर ५०.४ टक्के उरतात, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. मीटरने मोजल्याशिवाय असे काम हाती घेऊ नये.

एकच काच बदलणे : कोकणातील गॅरेजांत जुळणीचा प्रसंग अनेकदा फुटलेल्या काचेमुळे येतो. झाडावरून पडलेला नारळ किंवा चौपदरीकरणाच्या कामावरून उडालेली खडी याला पुरते. नवी काच घेताना जुन्या काचेच्या कोपऱ्यातील छाप पाहावा. त्यावर उत्पादकाचे चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि बहुधा निर्मितीकाळ दर्शवणारे ठिपके असतात. हिरवट काचेच्या जागी बिनरंगी काच बसवून फिल्मने रंग जुळवण्यापेक्षा त्याच छटेची काच मागवणे केव्हाही चांगले. डिकीच्या काचेवरची जुनी फिल्म काढताना विशेष जपावे लागते : धुके घालवणाऱ्या तारा काचेच्या आतल्या पृष्ठावरच छापलेल्या असतात आणि ब्लेड फिरवले की त्या तुटतात. फिल्म वाफेने सैल करून तारांच्याच दिशेने सावकाश सोलावी आणि उरलेला डिंक साबणाच्या पाण्याने, ब्लेड न लावता काढावा.