वाघमुखी राक्षस आणि जेजुरीचा मणी

फॅन्टसी गेममधला राक्षस बऱ्याचदा वाघाच्या तोंडाचा असतो. २००६ मध्ये आलेल्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’च्या पाचव्या भागात तर राक्षसांची पलटणच आहे. त्यांची नावं ‘राक्षस राणी’ आणि ‘राक्षस राजा’, आणि तोंडं वाघाची. रामायण ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला इथे प्रश्न पडतोच, की रावणाला किंवा कुंभकर्णाला वाघाचं तोंड होतं कधी? त्याचं उत्तर वाल्मीकींकडे नाही. ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावात सापडतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये तिथून छापून बाहेर पडला. त्याला संगणक लागत नव्हता. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली चार माणसं एवढ्यावर तो चालायचा. त्याच सुमारास अमेरिकी टीव्हीवरच्या एका भयमालिकेत भारतीय राक्षस दाखवला गेला. समोरच्याचा ज्या माणसावर विश्वास असेल त्याचं रूप हा राक्षस घ्यायचा, आणि मंत्रून दिलेल्या आडव्या धनुष्याच्या बाणानंच मरायचा. गायगॅक्सनं या दोन्ही गोष्टी जशाच्या तशा उचलल्या आणि १९७५ मध्ये राक्षस खेळात आला. मग १९७७ चं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’, म्हणजे या खेळातल्या प्राण्यांचा कोश, निघालं. त्यात डेव्हिड ट्रॅम्पिअर या चित्रकारानं राक्षसाला वाघाचं डोकं दिलं, अंगात झगा घातला, ओढायला पाइप दिला. पुढच्या कित्येक गेमांतला राक्षस या एका चित्राचा वंशज आहे.

गंमत अशी की वाघाचं तोंड वाल्मीकींना अगदीच अनोळखी नाही. सुंदरकांडाच्या सतराव्या सर्गात अशोकवनातल्या राक्षसिणींचं वर्णन आहे. कुणाला एकच डोळा, कुणाला एकच कान, कुणाची तोंडं डुकराची, हरणाची, रेड्याची, बकरीची, आणि हो, वाघाचीही. पण ती त्या गर्दीतली काही तोंडं. खुद्द रावणाला दरबारात पाहिल्यावर हनुमानाच्या मनात उमटतं, ‘अहो रूपमहो धैर्यम्’. शत्रूच्या रूपानं हनुमान थक्क झाला आहे. राक्षस ही एकच शरीररचना असलेली जमात वाल्मीकींच्या डोक्यातही नव्हती.

जमात झाली ती १९७७ च्या त्या पुस्तकामुळे, आणि माझ्या मते गेममधल्या सगळ्या प्राण्यांच्या इतिहासात हीच कळीची घटना आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा उगम युद्धखेळांत होता, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढायचे खेळ. तिथे प्रत्येक तुकडीचा हिशेब लागतो: मार किती सोसते, चिलखत किती, एका वेळी किती जण भेटतात. पुराणातला प्राणी या हिशेबात बसवायचा तर त्याची गोष्ट काढून टाकावी लागते आणि आकडे घालावे लागतात.

ग्रीक पुराणात मिनोटॉर एकच होता. क्रीटच्या मिनोस राजानं समुद्रदेव पोसायडनला द्यायचा बैल स्वतःकडे ठेवून घेतला, त्याची शिक्षा म्हणून राणीच्या पोटी जन्मलेलं ते मूल. त्याचं नाव अ‍ॅस्टेरियन. मिनोसनं त्याला चक्रव्यूहात कोंडलं. मेडुसाही एकच, आणि रोमन कवी ओव्हिडच्या कथेत तर ती आधी सुंदर मुलगी आहे. मंदिरात तिच्यावर अत्याचार झाला आणि शिक्षाही तिलाच मिळाली. हर्क्युलिसनं मारलेली हायड्रा एकच. बॅबिलोनची टियामॅट ही सृष्टीच्या आधीचा समुद्र, देवांची आई. मार्डुक देवानं तिला चिरून तिच्या देहाचं आकाश आणि पृथ्वी केली. आज गेममध्ये शिरलं की मिनोटॉर तीन-तीनच्या घोळक्यानं भेटतात, मेडुसा विकत घेता येतात, आणि टियामॅट पाच डोक्यांची ड्रॅगन असते. एकेकट्यांच्या या शोकांतिका होत्या. त्यांच्या तुकड्या झाल्या.

संगणकानं हीच पुस्तकं पुढे वाचली. १९८१ मध्ये अमेरिकेत ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे संगणकावरचे गेम आले, त्यांची भूल जपानला पडली आणि तिथे १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’, १९८७ मध्ये ‘फायनल फॅन्टसी’ तयार झाले. पहिल्या ‘फायनल फॅन्टसी’तल्या चार मुख्य शत्रूंत टियामॅट आहे आणि सहा हातांची, कमरेखाली सर्प असलेली मॅरिलिथही आहे. त्याच गेममधला ड्रॅगनांचा राजा बहामूत हा मुळात अरबी विश्ववर्णनातला, पृथ्वीचा भार पेलणारा अवाढव्य मासा. त्याला ड्रॅगन केलं ते पुन्हा लेक जिनिव्हानंच. १९९० च्या तिसऱ्या भागात शिवा आली, बर्फाची देवता आणि तीही स्त्री. नागांचंही तसंच. २००३ च्या ‘वॉरक्राफ्ट’मध्ये नाग म्हणजे समुद्रात बुडून शापानं बदललेले एल्फ, म्हणजे युरोपी लोककथांतले परीसारखे जीव, आहेत. तक्षकाशी किंवा वासुकीशी त्यांचं काही नातं उरलेलं नाही.

पण ही वाट याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिची एक सुरुवात आपल्याकडेच होते. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या सम्राटाच्या पदरी होता. त्यानं भारतावर पुस्तक लिहिलं. तो भारतात कधी आला नव्हता. दरबारात कानावर पडेल ते त्यानं लिहिलं. माणसाचं तोंड, दातांच्या तीन रांगा, विंचवासारखी नांगी असलेला लाल नरभक्षक ‘मँटिकोर’ त्याचाच. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस या ग्रीक लेखकानं ओळखलं की हा वाघ असावा, भीतीनं फुगवलेला. पण त्याआधीच तो प्राणी रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथात शिरला होता, आणि पुढे युरोपातल्या मध्ययुगीन प्राणिकोशांत आणि तिथून ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये पोचला. युनिकॉर्नही टेसियसचाच, भारतातलं एकशिंगी रानगाढव म्हणून सांगितलेला. त्यामागे बहुधा आपला गेंडा आहे. पुण्यात सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडानं बांधलेला गेंडा कोरला आहे. युनिकॉर्नच्या या पूर्वजाला भेटायचं तर तिथे जावं.

म्हणजे भारतीय प्राणी गेममध्ये आले ते दोन-तीन हात बदलून. दर हाताला गोष्ट गळत गेली आणि शिंग, नांगी, नख उरलं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली आणि १९६६ मध्ये काम पुरं झालं तेव्हा पाठभेद तळटीपांत जपून ठेवले होते. गेमच्या प्राण्यांचे पाठभेद कुणी असे जपले नाहीत. एका छापील पुस्तकाचा पाठ सगळीकडे पसरला आणि बाकीचे बाजूला पडले.

पुण्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट मला फार जाणवते. आपल्या मुलखात दैत्य सहसा निनावी नसतोच. बळीराजा असुर, पण पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत आपण त्याचीच वाट बघतो. वेताळ भुतांचा राजा, तरी शहरातल्या सगळ्यात उंच टेकडीवर त्याचं देऊळ आहे आणि टेकडीला नावही त्याचं. बांधाबांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा दिसतो, त्याचं नातं महिषासुराशी आहे हे दा. ध. कोसंबी यांनी याच परिसरात पायी हिंडून मांडलं.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती मणी-मल्लांची गोष्ट. मल्हारी माहात्म्यात हे दोघे भाऊ ब्रह्मदेवाच्या वरानं माजतात, ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त करतात, आणि शंकर मार्तंडभैरवाचं रूप घेऊन उतरतो. सहा दिवसांचं युद्ध, म्हणूनच मार्गशीर्षातलं षड्रात्र आणि चंपाषष्ठी. मणी पडतो तेव्हा मरता मरता देवाला शरण येतो, आपला पांढरा घोडा देतो आणि तुझ्याजवळ मलाही जागा दे असं मागतो. देव देतो. जेजुरीच्या गडावर मणीला आजही स्वतःचं स्थान आहे, पूजा आहे. मल्लाचं मस्तक मात्र पायरीशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली. पण देव मल्हारी म्हणवतो, तेव्हा आधी उच्चार त्याच्याच नावाचा होतो. दोन भाऊ, एकच युद्ध आणि दोघांचे शेवट इतके वेगळे. हे आकड्यांत बसवता येणार नाही.

गेममध्ये असं काही होऊच शकत नाही असंही नाही. ‘विचर’च्या २०१५ च्या तिसऱ्या भागात सुरुवातीलाच एका विहिरीपाशी दुपारची भुताटकी भेटते. नुसत्या तलवारीनं ती संपत नाही. तिचा खून कसा झाला, तिला तिथे काय बांधून ठेवतं हे आधी शोधावं लागतं. आपल्या हडळीच्या आणि जखिणीच्या गोष्टी याच जातीच्या. २०२० च्या ‘हेडीस’मध्ये मिनोटॉरला त्याचं नाव परत मिळालं, तिथे तो आणि त्याला मारणारा थीसियस मरणानंतर खांद्याला खांदा लावून लढतात. त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ आणला. हरवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, थांबून पाहिलं तर पुराणकथा सांगणारी भिंतीवरची चित्रं, आणि महाबलासुर हा नाव असलेला असुर. पुण्यात बसलेल्या एका छोट्या चमूनं लेक जिनिव्हाचा वळसा न घेता थेट मुळाशी जाऊन हे केलं, याचा मला मनापासून अभिमान आहे.

त्याच वाटेनं पुढे मला मणी बघायचा आहे. सहा दिवसांची सहा पर्वं, भंडाऱ्यानं पिवळा झालेला गड, आणि शेवटच्या घावाआधी मणीनं हात जोडल्यावर पुढे काय करायचं हे खेळाडूनं ठरवायचं. घोडा घ्यायचा तर शेजारी जागा द्यावी लागेल. नाही दिली, तर पुढचा मल्ल अधिक चिडून येईल.