पायलटचा चित्रपट करायचा आहे? आमच्याकडे येण्यापूर्वी हे वाचा

हे पत्रक तुमच्या हातात आहे म्हणजे बहुधा तुमच्याकडे टीव्हीसाठी केलेला एक ॲनिमेशन पायलट, म्हणजे मालिका विकण्यासाठी केलेला नमुन्याचा भाग, पडून आहे. चॅनेलने तो घेतला नाही, किंवा घेतला आणि पुढे काहीच कळवले नाही. मग कोणीतरी सांगितले, ‘जरा वाढवून घ्या, पिक्चर होतो!’ गोव्यात फोंड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या संकलन-स्टुडिओत हे वाक्य घेऊन येणारे बहुतेक जण चवथ (गणेशचतुर्थी) उरकली की येतात, कारण नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि तोवर चार लोकांना दाखवण्याजोगे काहीतरी हवे असते. होत नाही असे नाही. पण ‘वाढवून’ या एका शब्दात काय काय येते ते आधी समजून घेतलेत तर तुमचे पैसे वाचतील आणि आमचा तुमचा चहाही चालू राहील.

कापून उरलेले काही नसते

माणसे उभी करून कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रपटात संकलकाकडे वापरल्याच्या कितीतरी पट सामग्री पडलेली असते. एकच प्रसंग चार बाजूंनी, सहा-सहा वेळा घेतलेला. लांबी वाढवायची तर त्या ढिगात हात घालता येतो. ॲनिमेशनमध्ये सगळे उलटे आहे. इथे संकलन आधी होते आणि चित्रे नंतर. स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंगांची कच्ची चित्रे तात्पुरत्या आवाजावर लावून ॲनिमॅटिक करतात, कात्री काय ती त्याच्यावर चालते, आणि जे शॉट ठरले ते ठरलेल्या लांबीचेच काढले जातात. वापरायचे नाही ते चित्र काढण्याचे पैसे कोण देणार? एखाद्या शॉटच्या टोकाला पाच-दहा फ्रेम जादा मिळाल्या तर आम्ही नशीब समजतो. म्हणून ‘पायलटमधून न वापरलेले काढून बघा की’ असे कोणी म्हटले की आम्हाला हसू येते, आणि ते आम्ही चहाच्या कपाआड लपवतो.

आता हिशेब बघा. २२ मिनिटांच्या पायलटमधून शीर्षकगीत, शेवटची नामावली आणि जाहिरातींसाठी ठेवलेले थांबे काढले की हातात साधारण १९ मिनिटे राहतात. अमेरिकेची ऑस्कर देणारी अकादमी ४० मिनिटांच्या वर गेले की फीचर, म्हणजे पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणते, पण आपल्याकडचा थिएटरवाला ७०-७५ मिनिटांच्या आत तिकीट लावायला कुरकुरतो. ७५ धरा. म्हणजे ५६ मिनिटे नवी. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने ८०,६४० फ्रेम झाल्या, आणि दर दोन फ्रेमला एक चित्र धरले तरी ४०,३२० चित्रे. पात्रांचे रिग, म्हणजे संगणकावर हलवता येणारे सांगाडे, तयार असतील तर प्रत्येक चित्र हाताने काढावे लागत नाही, पण प्रत्येक हालचाल कोणीतरी बसून लावावीच लागते. आमच्या कामाच्या अंदाजपत्रकात संकलनाचा आकडा नेहमीच लहान असतो. मोठा आकडा या ५६ मिनिटांचा.

लोक दाखले देतात. डेव्हिड लिंच यांचा ‘मुलहोलंड ड्राइव्ह’ हा तर ठरलेला. तो १९९९मध्ये अमेरिकेतल्या एबीसी चॅनेलसाठी केलेला पायलट होता, चॅनेलने नाकारला, आणि २००१मध्ये तो चित्रपट म्हणून फ्रान्समधल्या कान महोत्सवाला गेला. खरे आहे. पण मध्ये फ्रान्सचा पैसा आला आणि नवे चित्रीकरण झाले, शेवटही नव्याने घेतला. नुसत्या कापाकापीवर ते झालेले नाही, आणि ते ॲनिमेशनही नव्हते. ॲनिमेशनमधले दाखले वेगळ्या जातीचे आहेत. जपानची ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ ही १९७४ची मालिका २६ भागांची होती, त्यातून १९७७चा चित्रपट निघाला. ‘स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स’ हा २००८चा चित्रपट मालिकेच्या तयार झालेल्या पहिल्या काही भागांतून जोडला. तिथे कापायला भरपूर होते. तुमच्याकडे तीन-चार भाग तयार असतील तर पुढचे सगळे सोपे, आजच फोन करा. एकच पायलट असेल तर वाचत राहा.

पायलटची उधारी

पायलट लिहिलेला असतो तो मालिका विकण्यासाठी. पात्रे दाखवायची, गाव दाखवायचे, दोन-तीन कोडी टाकायची आणि ऐन रंगात पडदा. पुढच्या भागाची ओढ लागावी हेच त्याचे काम. चित्रपटाच्या प्रेक्षकाला पुढचा भाग नसतो. त्याने तिकीट काढले आहे, त्याची उधारी त्याच दिवशी फेडावी लागते. म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही संगणक उघडतच नाही. तुमच्याबरोबर पायलट बघतो आणि एका वहीत प्रत्येक न सुटलेला प्रश्न लिहितो.

एका ग्राहकाचा दाखला देतो, त्यांच्या परवानगीने आणि नाव न घेता. खाजन शेतीतल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतीतल्या मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारापाशी) आजोबांबरोबर राहणारी एक मुलगी, आणि कालव्यातली एक मगर. मातीची मगर करून पूजतात ती मानगे थापणी त्यात सुरेख आली होती. आजोबा भरतीच्या वेळी मानशीचे दार उघडत नाहीत आणि कारण सांगत नाहीत. मुलीच्या आईचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेला. शेवटी मगर पाण्यातून मान वर काढते आणि मुलीला तिच्या घरच्या नावाने हाक मारते. काळोख. वहीत अकरा प्रश्न झाले. दार का नाही, फोटो का उलटा, मगरीला नाव कसे ठाऊक, आणि असे आणखी. अकरा उत्तरे ७५ मिनिटांत देत बसले तर चित्रपट खुलाशांचा होतो. मग आम्ही ग्राहकाबरोबर चार प्रश्न ठेवले आणि सात पायलटमधूनच काढून टाकले. एक प्रश्न काढायला कधी एकच शॉट लागतो. भिंतीवरचा फोटो वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या सुट्या थरावर होता म्हणून क्षणात गेला.

त्यांना मगरीची हाक मध्यंतराला हवी होती. बहुतेकांना पायलटचा शेवट मध्यंतराला हवा असतो, आणि आम्ही बहुतेकांशी यावर भांडतो. तो शेवट १९व्या मिनिटाला येतो. त्याला ३८व्या मिनिटापर्यंत ढकलायचे तर आधीच्या गोष्टीत पाणी घालावे लागते. हाक होती तिथेच राहू द्यावी आणि मध्यंतरासाठी नवा प्रसंग लिहावा, असे आमचे मत. ग्राहक शेवटी आपलेच खरे करतो, ते वेगळे.

जाहिरातीचे खड्डे

टीव्हीचा भाग सहा-सात मिनिटांच्या तुकड्यांत बांधलेला असतो. प्रत्येक तुकडा एका झटक्यावर संपतो, पडदा काळा होतो, जाहिराती लागतात, आणि परत आल्यावर मघाचेच थोडे पुन्हा सांगितले जाते. थिएटरात हे रस्त्यावरच्या गतिरोधकांसारखे लागते. आम्हीही यात एकदा तोंडावर पडलो आहोत. वर सांगितलेल्या कामाचा कच्चा कट एका शाळेच्या सभागृहात मुलांना दाखवला. एक काळा फेड नजरेतून सुटला होता. अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतला एक जण चपला शोधू लागला.

नुसता काळा फेड काढून भागत नाही, कारण त्याच्या अलीकडचे संगीत चढत गेलेले असते आणि पलीकडचे शून्यापासून सुरू होते. तिथे आम्ही पुढच्या प्रसंगाचा आवाज आधी आणला. मुलगी अजून स्वयंपाकघरात उभी आहे आणि मानशीच्या दारातून घुसणाऱ्या पाण्याचा आवाज तीन सेकंद आधीच सुरू होतो. नवे चित्र एकही नाही, तरी दोन तुकडे एका श्वासात आले. पण हे करता येते ते आवाज सुटे असले तरच. संवाद, संगीत आणि इफेक्ट यांचे वेगळे ट्रॅक नसतील आणि सगळे एकत्र मिक्स झालेली एकच फाइल असेल, तर संवाद हलवला की मागे वाजणारा घुमटही (आमच्याकडचे मातीचे तालवाद्य) त्याच्याबरोबर हलतो. तुम्ही पायलट ज्यांच्याकडे केला त्यांच्याकडून सुटे ट्रॅक आजच मागून घ्या. स्टुडिओ बंद होतात, हार्ड डिस्क बसतात.

काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मध्ये

आपल्याकडचे टीव्हीचे काम सेकंदाला २५ फ्रेमने होते, थिएटरचे २४ने. डीसीपी, म्हणजे थिएटरला द्यायची फाइल, २५चीही करता येते, पण प्रत्येक थिएटरात ती विनातक्रार चालेल अशी हमी आम्ही देत नाही. म्हणून पायलट २४वर चालवतो. २२ मिनिटांचा पायलट २२ मिनिटे ५५ सेकंदांचा होतो. चित्राला काही कळत नाही. आवाजाला कळते. चार टक्के हळू झालेला आवाज खाली उतरतो, अर्धस्वराच्या जवळपास सत्तर टक्के. पेटीच्या काळी चार पट्टीत गायलेली आरती पांढरी पाचकडे सरकते आणि तिथे न पोहोचता मध्येच लोंबकळते. पेटीवर तो सूरच नाही. आता चित्रपटासाठी त्याच आरतीची दोन नवी कडवी रेकॉर्ड करायला पेटीवाल्याला बोलवा, तो बिचारा दोन्ही पट्ट्या दाबून बघेल आणि तुमच्याकडे बघेल. सॉफ्टवेअरने सूर परत वर चढवता येतो. बोलण्याला ते चालून जाते. घुमटाच्या आणि झांजेच्या ठोक्याला मात्र किंचित बोथटपणा येतो, तो कानाला लागतो. गाणी मूळ सुट्या ट्रॅकवरून पुन्हा मिक्स करणे हाच खरा इलाज आहे.

आवाजाची दुसरी गंमत माणसांची. पायलटमधल्या मुलाला अकराव्या वर्षी आवाज दिलेला मुलगा आता चौदाचा आहे आणि त्याचा आवाज फुटला आहे. ५६ नवी मिनिटे त्याच्याकडून होणार नाहीत. मग जुनी १९ही नव्या मुलाकडून डब करावी लागतात. करायचीच असतील तर भाषेचा निर्णयही त्याच वेळी घ्या. पायलट कोकणीत असेल आणि चित्रपट मराठीतही हवा असेल तर ओठांचा प्रश्न येतो. कोकणीतले वाक्य ‘आसा’वर संपते तेव्हा तोंड उघडे राहते, मराठीतले ‘आहे’वर संपते तेव्हा ओठ ताणलेले असतात. क्लोजअपमध्ये हे दिसते. रिगमध्ये तोंडाचे आकार वेगळे असतील तर आम्ही बदलून देतो, नसतील तर वाक्य फिरवून लिहितो.

पडद्याचा आकार

टीव्हीची एचडी फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेल. थिएटरचा फ्लॅट आकार १९९८ बाय १०८०. रुंदी भरायला चित्र चार टक्के मोठे केले की वरून आणि खालून मिळून ४४ रेघा जातात. त्याने काही बिघडत नाही. पण ग्राहक ‘स्कोप’ मागतात, कारण ते भव्य दिसते. २०४८ बाय ८५८. यात मूळ चित्राच्या उंचीचा चवथा हिस्सा जातो. गणपतीच्या प्रसंगात मुकुट ठेवायचा की मोदक, असा प्रश्न आमच्यासमोर खरोखर आलेला आहे. बॅकग्राउंड फ्रेमपेक्षा मोठे रंगवलेले असेल तर बाजूंनी उघडून खरा स्कोप करता येतो, त्यासाठी मूळ प्रोजेक्ट फाइल लागते. ती नसेल तर फ्लॅट घ्या आणि सुखाने झोपा.

कागदपत्रे

पायलटला चॅनेलने पैसे दिले असतील तर तो तुमचा आहे की चॅनेलचा, हे करारात बघा आणि लेखी ना-हरकत आणा. संगीताचा परवाना फक्त टीव्हीपुरता घेतलेला असतो, थिएटरसाठी तो वाढवावा लागतो. करार वाचणे आमचे काम नाही, पण तो बघितल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही.

थिएटरात दाखवायला सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते, पायलट टीव्हीवर लागून गेला असला तरीही. बोर्डाचे प्रादेशिक कार्यालय गोव्यात नाही, आमचे ग्राहक मुंबईकडे ऑनलाइन अर्ज करतात. २०२३च्या कायदा-दुरुस्तीनंतर यूए या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले आहेत. लहान मुलांचा चित्रपट असेल तर तुम्हाला यू हवे की यूए ७ चालेल, हे कट लॉक करण्यापूर्वी, म्हणजे संकलन पक्के करण्यापूर्वी ठरवा. प्रमाणपत्र मिळाल्यावर केलेला बदल बोर्डाला कळवावा लागतो. आणि हो, आजोबांच्या तोंडात विडी असेल तर सुरुवातीला आणि मध्ये ३०-३० सेकंदांचा तंबाखूविरोधी संदेश आणि विडी दिसेल तोवर खाली ओळ, हे सगळे आले. चित्रातली विडी आहे, पुसून टाकणे स्वस्त पडते. आम्ही त्या जागी सुपारीचा अडकित्ता दिला, आजोबांना तो जास्त शोभला.

पहिल्या भेटीला काय आणावे

पायलटची मूळ प्रतीची फाइल, मोबाइलवर पाठवलेली नव्हे. प्रोजेक्ट फाइली, रिग आणि लेयर सुटे असलेली बॅकग्राउंड. आवाजाचे सुटे ट्रॅक. ॲनिमॅटिक असेल तर अवश्य, कारण पायलटच्या वेळी वेळेअभावी गाळलेले प्रसंग त्यात सापडतात. पूर्ण झालेली चित्रे नसतात, पण प्रसंग लिहिलेले आणि मापलेले असतात, आणि नव्या ५६ मिनिटांतली पाच-सात तिथून निघतात. करार. आणि लेखकाला बरोबर आणा, निर्मात्यापेक्षा आम्हाला त्याची गरज जास्त.

पहिली भेट आणि वहीतली यादी यांचे पैसे आम्ही घेत नाही. यादी तुमच्याकडेच राहते, पुढचे काम दुसरीकडे केलेत तरी. त्यानंतर आधी ७५ मिनिटांचा पूर्ण ॲनिमॅटिक करायचा, जुना भाग रंगीत आणि नवा पेन्सिलीत, आणि तो कोणाला तरी दाखवायचा. तो बघताना कंटाळा आला तर रंग भरल्यावरही येतो. इथे थांबलात तर नुसत्या ॲनिमॅटिकचे पैसे जातील. काही जण थांबले आहेत, आणि एकाने ५६ऐवजी फक्त सहा मिनिटे नवी करून पायलटचा लघुपट केला. आमच्या मते तो चांगला निर्णय होता.

पावसाळ्यात येत असाल तर दुपारी चारच्या आत या, नंतर फोंड्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि यूपीएस रेंडरसाठी राखून ठेवलेला असतो. हार्ड डिस्क दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणा, आणि तिची एक प्रत घरी ठेवून मगच निघा.