म्युझिकवाल्यांसाठी हेल्पलाइन आली कुठून, आणि 'म्युझिकवाला म्हणजे कोण' हे भिजत घोंगडं

आधीच सांगतो, टूर काय असते, फ्रीलान्स म्हणजे हातावरचं पोट कसं असतं, आणि 'कलाकार माणूस मुळातच हळवा' हे गुऱ्हाळ, यातलं काहीच इथे लावत नाहीये, ते सगळ्यांना माहितीये. आज काही देशांत म्युझिकमध्ये काम करणाऱ्यांसाठी चोवीस तासांची फोनलाइन आहे, कौन्सेलिंग फुकट मिळतं, अडचणीत पैसे देणारे फंड आहेत, तर हे आलं कुठून एवढंच बघायचंय. आणि ते बघायला गेलं की एक प्रश्न सारखा मध्ये तडमडतो, दारात घ्यायचं कोणाला? मला विचाराल तर खरा इतिहास त्या प्रश्नाचाच आहे.

सुरुवात लंडनपासून, साल १७३८. एक ओबो वाजवणारा गेला, मागे पोरं उघड्यावर पडली, आणि ती पोरं रस्त्यात दुभत्या गाढविणी हाकताना त्याच्या जुन्या सोबत्यांना दिसली अशी गोष्ट सांगतात. मग वाजवणाऱ्यांनीच वर्गणी काढून फंड केला. त्या काळचा लंडनमधला सगळ्यात गाजलेला संगीतकारही त्यात होता, मृत्युपत्रात त्याने फंडाला १००० पौंड ठेवले. मन वगैरे विषयच नव्हता तेव्हा, म्हातारपण, आजारपण, विधवा, पोरं, संपलं. पण दाराचा प्रश्न तेव्हाच आला, कारण बायकांना मेंबर करून घेत नव्हते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायकांनी १८३९ मध्ये आपला वेगळा फंड काढला आणि १८६६ मध्ये दोन्ही एक झाले. म्हणजे पहिली शंभर वर्षं बाईला मदत मिळायची ती कोणाची तरी विधवा म्हणून, स्वतः वाजवते म्हणून नाही.

मधली सत्तर वर्षं सोडून देतो. विसाव्या शतकात विषय मनाकडे वळला तो नशेच्या रस्त्याने, आणि सहानुभूतीने नाही, पोलिसांच्या अंगाने. अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टनला १९३५ मध्ये सरकारने नशेच्या पेशंटांसाठी एक अवाढव्य जागा उघडली, अर्धी हॉस्पिटल अर्धी जेल, आणि तिथे इतके जॅझवाले जाऊन आले की आतमध्येच बँड उभे राहिले. तिकडे न्यू यॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडनं कार्ड काढावं लागायचं, बोटांचे ठसे देऊन, आणि ड्रग्जची केस झाली की कार्ड गेलं. म्हणजे माणूस आजारी पडला की आधी त्याच्या पोटावर पाय. मग कोण कशाला सांगेल मला त्रास होतोय म्हणून? दुखणं अंगावर काढायची सवय या धंद्याला आपोआप नाही लागली. त्यातल्या त्यात १९५७ मध्ये एका जॅझ फेस्टिवलच्या पैशातनं न्यू यॉर्कमध्येच खास वाजवणाऱ्यांसाठी एक क्लिनिक निघालं, तिथे सायकोथेरपी मिळायची. छोटंसंच होतं, पण 'याला पकडा' ऐवजी 'याच्याशी बोला' असा पहिला प्रकार माझ्या माहितीत तोच.

ऑर्केस्ट्रावाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना नोकरी होती, युनियन होती, म्हणून त्यांची मोजणी आधी झाली. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमधल्या २,२१२ जणांचा सर्वे १९८८ मध्ये छापून आला, त्यात २७ टक्के लोकांनी स्टेजच्या भीतीसाठी बीटा ब्लॉकर घेतल्याचं सांगितलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी डॉक्टरला न विचारता. हृदयाच्या पेशंटांसाठी निघालेली गोळी व्हायोलिनच्या केसमध्ये जाऊन बसली होती आणि कोणी बोलत नव्हतं.

आता तो दाराचा प्रश्न, यावर जरा रेंगाळणार आहे.

१९८९ मध्ये अमेरिकेत, दरवर्षी ते प्रसिद्ध ग्रॅमी अवॉर्ड देणाऱ्या संस्थेने मदतीसाठी एक वेगळी शाखा काढली. पैसे, उपचार, नंतर नशामुक्ती. १९९२ मध्ये एका सॅक्सोफोन वाजवणाऱ्याने, जो स्वतः व्यसन आणि जेल दोन्ही बघून आला होता, वाजवणाऱ्यांना नशेतून बाहेर काढायचा वेगळा प्रोग्रॅम सुरू केला, तो २००४ मध्ये याच शाखेत आला. काम चांगलं आहे, वाद नाही. पण आर्थिक मदतीसाठी अट आली: म्युझिकमध्ये निदान पाच वर्षं काम केल्याचा पुरावा, किंवा बाजारात रिलीज झालेली सहा रेकॉर्डिंग किंवा व्हिडिओ.

कागदावर सरळ वाटतं. फंडवाल्यांची बाजू पण समजते, पैसा मर्यादित, देणगीदार विचारणार कोणाला दिलात, आणि नियम नसेल तर वशिला चालतो. पण ही अट कोणाला बसते ते बघा. सहा गाणी रिलीज करणं सीडीच्या काळात मोठी गोष्ट होती, मागे लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी लागायची. आज घरात बसून एका आठवड्यात सहा ट्रॅक स्ट्रीमिंगवर चढवता येतात, त्यामुळे तो निकष एका बाजूने इतका ढिला झाला की त्याला अर्थ उरला नाही. आणि दुसऱ्या बाजूला लाइट लावणारा, ट्रस म्हणजे लाइट टांगायचा सांगाडा उभा करणारा, बस चालवणारा, टी-शर्टच्या टेबलवर बसणारी मुलगी, यांच्या नावावर रेकॉर्डिंग कुठनं असणार, त्यांना पाच वर्षांचा पुरावा द्यायचा, आणि निम्मं काम रोखीवर आणि फोनवरच्या शब्दावर झालेलं असतं. शिवाय ज्याला सगळ्यात जास्त हादरा बसतो तो बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या वर्षातला पोरगा असतो, पहिली लांब टूर करून घरी आलेला. त्याला काय सांगणार, अजून तीन वर्षं थांब मग ये?

या सगळ्यात 'क्राइसिस' या शब्दाचा पण घोळ आहे. फंडाच्या भाषेत क्राइसिस म्हणजे भाडं थकलं, हात मोडला, गाडीतनं सामान चोरीला गेलं. फोनलाइनच्या भाषेत क्राइसिस म्हणजे माणूस आज रात्री स्वतःला इजा करेल का. दोन्ही एकमेकांत अडकलेले असतात, पण एकाला कागद लागतात आणि दुसऱ्याला एक मिनिटसुद्धा नसतो, आणि बरीच वर्षं म्युझिकवाल्यांसाठी जे होतं ते बहुतेक पहिल्या प्रकारातलं होतं.

गंमत म्हणजे, गंमत म्हणायची नाही खरं तर, ऐकणाऱ्यांसाठी दुसऱ्या प्रकारची मदत आधी आली. १९९४ च्या एप्रिलमध्ये सिएटलचा तो गायक, कर्ट कोबेन, आत्महत्या करून गेला तेव्हा शहरात सभा झाली, तिथेच फॅन्सना क्राइसिस लाइनचा नंबर दिला गेला, फोन भरपूर वाढले, आणि नंतर अभ्यास झाला तेव्हा ज्याची भीती होती तशी आत्महत्यांची लाट तिथे आलेली दिसली नाही. त्याच्यासोबत टूर करणाऱ्या लोकांचं काय झालं यावर तेवढं लिहिलेलं सापडत नाही.

खरा बदल २०१६ नंतरचा. त्या वर्षी लंडनमधल्या एका युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी म्युझिशियन्सना मदत करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेसाठी सर्वे केला, २,२११ लोकांनी उत्तरं दिली, ७१.१ टक्क्यांनी पॅनिक अटॅक किंवा प्रचंड अस्वस्थता अनुभवल्याचं सांगितलं आणि ६८.५ टक्क्यांनी डिप्रेशन. लगेच मथळे आले, म्युझिकवाल्यांना डिप्रेशन तिप्पट. हा आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतोय आणि जरा जपून वापरावा, कारण उत्तरं ज्यांना द्यावीशी वाटली त्यांनीच दिली, निदान डॉक्टरने केलेलं नव्हतं, आणि तुलना केली ती वेगळ्या पद्धतीने विचारलेल्या सरकारी आकड्याशी. २०१९ मध्ये स्वीडनच्या दहा हजारांवर जुळ्यांवरचा अभ्यास आला, त्यात वाजवणाऱ्यांच्या तक्रारी थोड्या जास्त दिसल्या, पण एकाच जोडीतल्या दोघांची तुलना केली की फरक उरला नाही, म्हणजे वाजवल्यामुळेच त्रास होतो असं त्यातनं निघत नाही. पण खरं सांगू का, त्या २०१६ च्या कच्च्या सर्वेने जे काम केलं ते पक्क्या अभ्यासाने केलं नसतं. लोक म्हणाले अरे मला पण. आणि २०१७ च्या मे आणि जुलैमध्ये दोन मोठे रॉक गायक आत्महत्या करून गेले, त्यानंतर कोणी 'बघू' म्हणायच्या मूडमध्ये नव्हतं.

डिसेंबर २०१७ मध्ये त्याच संस्थेने ब्रिटनमध्ये चोवीस तासांची लाइन सुरू केली, म्युझिकमध्ये काम करणाऱ्या कोणासाठीही. कोणासाठीही, हा शब्द महत्त्वाचा. सहा रेकॉर्डिंग नाही, पाच वर्षं नाही, टूरवर सामान लावणारा रोडी असो की मॅनेजर. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या, १९९७ पासून चालू असलेल्या फंडाने पण लाइन काढली, क्रूला धरून. तिथे मागचं यंत्र एका ईएपी (एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम) कंपनीचं होतं. ही ईएपी भानगड मुळात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी १९४० च्या दशकात दारू पिणाऱ्या कामगारांसाठी सुरू केलेल्या प्रोग्रॅममधनं आली, मालक पैसे भरतो आणि कामगाराला गुपचूप कौन्सेलर मिळतो. म्युझिकवाल्याला मालकच नाही. म्हणून फंड मालकाच्या जागी उभा राहिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार आयडिया हीच, आणि तिचं कौतुक सगळ्यात कमी झालंय.

२०१८ च्याच एप्रिलमध्ये स्वीडनचा तो २८ वर्षांचा डीजे, अविची, गेला, ज्याने २०१६ मध्येच तब्येतीमुळे टूर बंद केल्या होत्या. तोपर्यंत प्रेसनोटमध्ये लिहायचे 'थकव्यामुळे शो रद्द', आणि थकवा या शब्दाखाली वाट्टेल ते खपायचं. त्यानंतर खरे शब्द यायला लागले. अर्थात 'बर्नआउट' हा नवा थकवा झालाय की काय अशी मला शंका आहे, १९७४ चा शब्द आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की हा कामाशी जोडलेला प्रकार आहे, आजार नाही, तरी प्रेसनोटमध्ये तो आजारासारखाच येतो.

मग कोविड. मार्च २०२० मध्ये सगळे शो एका आठवड्यात बंद, ब्रिटनमधल्या त्या संस्थेने ५० लाख पौंड काढले, माणशी ५०० पौंड, हिशोब केला तर दहा हजार लोक, आणि मागणी त्याच्या पुढे गेली. इथे पैशाचा क्राइसिस आणि मनाचा क्राइसिस हा फरकच पुसला गेला, दोन्हीकडे तीच माणसं.

२०२२ मध्ये शो परत सुरू झाले आणि त्याच उन्हाळ्यात एकामागून एक टूर रद्द झाल्या, यावेळी कारण उघड सांगून. पण टूर रद्द करणं गायकाला जमतं, त्याच्या साउंड इंजिनिअरचा मात्र तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका बॉयबँडमधला गायक ३१ व्या वर्षी गेला आणि कलाकारांसाठी कायदा करा म्हणून सह्या गोळा झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या ग्रॅमी अवॉर्डच्याच स्टेजवरून एका नव्या गायिकेने लेबलांना सांगितलं, आर्टिस्टला जगण्यापुरते पैसे आणि हेल्थ इन्शुरन्स द्या. धंद्यातल्या एका जुन्या माणसाने लेख लिहून तिलाच सुनावलं, तिने २५,००० डॉलर काढले, तिच्यामागे अजून काही गायकांनी तेवढेच काढले. ते पैसे २०१९ मध्ये निघालेल्या एका संस्थेला गेले, जी म्युझिशियन, क्रू आणि त्यांच्या घरच्यांनासुद्धा सोबतीला एक माणूस देते, कुठला थेरपिस्ट गाठायचा ते शोधून देणारा. लेबलचा इन्शुरन्स मिळाला असता तरी तो लेबलशी करार झालेल्यांनाच मिळाला असता, ट्रस बांधणारा त्यातही बाहेरच.