पडवी पुढे घेण्याआधी आम्हाला विचारा
(आमच्याकडून घराचे नकाशे करून घेणाऱ्यांसाठी)

मुंबईहून व्हिडिओ कॉल येतो तो थेट साइटवर, गवंड्याला. "जोतं घालतोच आहेस तर पडवी तीन फूट पुढे घे. गणपतीत आरतीला माणसं मावत नाहीत." पैसे देणारा मालक सांगतोय म्हटल्यावर गवंडी हो म्हणतो. आम्हाला ते कळतं छप्पर चढवायच्या वेळी, सुतार नकाशाची गुंडाळी काखेत मारून ऑफिसात येतो तेव्हा.

तीन फुटांनी काय बिघडतं? मंगलोरी कौलांना आम्ही दोनास एक उतार ठेवतो. दोन फूट पुढे गेलं की छप्पर एक फूट खाली येतं. नकाशात पाख्याची, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूची, खालची कड साडेसात फुटांवर असेल, तर तीन फूट वाढवल्यावर ती सहा फुटांवर आली. डोक्यावरून गणपती घेऊन येणाऱ्याला आपल्याच दारात वाकावं लागणार.

मग साइटवरच तोड निघते: उतार कमी करा. तसं केलं की आषाढातला वाऱ्याचा पाऊस कौलांखालून उलटा आत येतो, आणि दरवर्षी ताडपत्री बांधायची पाळी येते. दुसरी तोड म्हणजे सगळ्या घराच्या भिंती दीड फूट चढवणे. त्याला चिरा (जांभा दगड) किती लागतो हे बिल आल्यावर समजतं. शिवाय पडवीचे खांब आता पायावर नाहीत, नुसत्या भरावावर आहेत. समोर सोडायची मोकळी जागा मंजूर नकाशापेक्षा कमी भरली, तर भोगवट्याच्या दाखल्याला अडचण येते ती वेगळीच.

तरी वाऱ्याचं अजून बोललोच नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडची छपरं कशी गेली ते आपण सर्वांनी पाहिलं. पडवी उघडी असते, वारा खालून शिरतो आणि पाखा वर उचलतो. म्हणून प्रत्येक वासा खाली कशाला आणि कसा जखडायचा, याचा आम्ही वेगळा तपशील काढून देतो. पाखा लांबला की तो तपशीलही बदलावा लागतो.

"प्लॅन तर झालाय, मग अजून तीन आठवडे कशाला?" हा प्रश्न आम्हाला दर महिन्याला ऐकू येतो. तुम्ही पसंत केलेल्या कागदावर देवघर कुठे, न्हाणीघर कुठे, वारा कुठून येणार एवढं असतं. गवंडी, सुतार, प्लंबर यांना त्यावरून काम करता येत नाही. त्यांचे कागद काढायला घेतले की पहिल्या कागदातल्या चुका उघड्या पडतात. मग तो दुरुस्त करायचा आणि पुन्हा पुढचे काढायचे. अशा दोन-तीन फेऱ्या होतात. आमच्याकडे आखणारा आणि ड्राफ्ट्समन शेजारीशेजारी बसतात ते एवढ्यासाठीच.

कॉलमचंच घ्या. "भिंतीत लपवा" असं सगळेच सांगतात. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते, म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे तिच्यावर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीट हवं. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरच्या कॉलमात दोन्ही बाजूंचे मिळून ९० गेले, सळयांना उरले १४०. तेवढ्यात बसत नसेल तर कॉलम भिंतीबाहेर येणारच. हे आधी कळलं तर आम्ही त्या कोपऱ्यात कपाट आखतो आणि कॉलम दिसत नाही. स्लॅब झाल्यावर कळलं तर तुम्ही तिथे कॅलेंडर लावता.

पडवी मोठी हवी असणं मुळीच चूक नाही. पहिल्या भेटीत आम्ही गणपतीला किती पानं पडतात ते विचारतो, त्याचं काहींना हसू येतं. पाटावरचं माणूस आणि पुढचं पान मिळून तीन फूट. समोरासमोर दोन ओळी आणि मध्ये वाढप्याला दोन फूट धरले, तर पडवी आठ फूट रुंद लागते. लांबी वीस फूट असेल तर एका पंगतीला वीस जण बसतात. हा हिशेब कागदावर केला तर छप्पर एक फूट वरून सुरू करता येतं आणि खांबांखाली पायाही येतो. खर्च थोडा वाढतो, पण पाडापाडीइतका नाही.

पसंतीच्या कागदावर कितीही बदल सांगा, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. कामाचे नकाशे सुरू झाल्यावर मात्र बदलाची वेगळी फी आहे, कारण एक भिंत सरकली की सहा-सात कागद पुन्हा काढावे लागतात. त्यावरून कुरकुर होते, आम्हाला माहीत आहे.

दिवाळीनंतर काम काढायचं असेल तर पावसाळ्यातच या. तेव्हा आम्हालाही बसून बोलायला सवड असते. येताना सातबारा आणि मोजणीचा नकाशा आणा, आणि चिरा कुठल्या खाणीचा घेणार ते ठरवून या. खाणीखाणीला चिऱ्याचं माप थोडं बदलतं, आणि भिंतीची जाडी त्यावरूनच धरतो.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि आवृत्ती क्रमांक असतो. नवी प्रत मिळाली की गवंड्याकडची जुनी काढून घ्या. तो ती टाकत नाही, सिमेंटच्या पोत्याखाली जपून ठेवतो.